मोबाइलवरचा अभ्यास आणि मुलांच्या चष्म्याचा नंबर

शाळेच्या अभ्यासात मोबाइल आला तो 2020 च्या टाळेबंदीमुळे, असे सर्रास म्हटले जात असले, तरी ‘दीक्षा’ हे शासकीय व्यासपीठ 2017 मध्येच सुरू झाले होते आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले तेव्हाच पुस्तकाच्या पानावरून पडद्याकडे जाणारी वाट मोकळी झाली होती. टाळेबंदीत जे पूरक होते ते मुख्य झाले, आणि शाळा पूर्ववत भरू लागल्यावरही अनेक ठिकाणी गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरच राहिला. या बदलाने डोळ्यांचे काय होते, या प्रश्नावर बहुतेक पालक पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाची धास्ती घेतात, परंतु चष्म्याच्या नंबराचा विचार करता पडदा डोळ्यांपासून किती अंतरावर आहे आणि मूल दिवसाउजेडी किती वेळ घराबाहेर असते, या दोन गोष्टींना अधिक महत्त्व आहे.

जवळचे स्पष्ट आणि लांबचे धूसर दिसणे यास ह्रस्वदृष्टी किंवा निकटदृष्टी म्हणतात. जन्माच्या वेळी नेत्रगोलाची पुढून मागपर्यंतची लांबी सुमारे 17 मिलिमीटर असते आणि प्रौढपणी ती 24 मिलिमीटरच्या आसपास स्थिरावते. ही वाढ प्रमाणाबाहेर गेली, तर लांबून येणारे किरण दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या संवेदनशील पडद्यावर, एकत्र न येता त्याच्या अलीकडेच एकत्र येतात. अवघ्या 1 मिलिमीटर जादा लांबीमुळे चष्म्याचा नंबर उणे अडीच ते तीनच्या घरात जातो, आणि लांबलेला नेत्रगोल पुन्हा आखूड होत नसल्यामुळे व्यायामाने नंबर घालवून देण्याच्या जाहिरातींवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. नंबर उणे 6 च्या पलीकडे गेलेल्यांमध्ये दृष्टिपटल ताणून पातळ होणे, ते सुटणे आणि काचबिंदू होणे यांची शक्यता वाढते, त्यामुळे बालवयात नंबर जितका मंदगतीने वाढेल तितके चांगले.

डोळ्यातील भिंग जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करण्यासाठी फुगीर होते, या क्रियेला समायोजन म्हणतात, आणि तिचे माप डायॉप्टर या एककात, म्हणजे 1 भागिले मीटरमधील अंतर अशा साध्या हिशेबाने काढता येते. पुस्तक 40 सेंटिमीटरवर धरल्यास डोळ्याला अडीच डायॉप्टरचे समायोजन करावे लागते, मोबाइल 20 सेंटिमीटरवर आणल्यास पाच डायॉप्टरचे, तर अडीच मीटर दूर असलेल्या दूरचित्रवाणीसाठी केवळ 0.4 डायॉप्टरचे. 2020 च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली तेव्हा मोबाइल नसलेल्या घरांची सोय म्हणूनच तिच्याकडे पाहिले गेले. नेत्रवैद्यकाच्या दृष्टीने मात्र तीच अधिक बरी शाळा होती. याउलट शिक्षकांनी वहीच्या पानाचे छायाचित्र काढून पाठवलेला गृहपाठ हा सर्वांत वाईट प्रकार म्हणावा लागतो, कारण हाताने लिहिलेली अक्षरे लहान पडद्यावर आणखी बारीक होतात आणि मूल ती वाचण्यासाठी मोबाइल नाकाशी नेते. असा गृहपाठ फळ्यावरच लिहून द्यावा, किंवा घरी मोठ्या माणसाने मुलाच्या वहीत उतरवून द्यावा; चित्रफीत पाहणे अटळ असेल, तर ती दूरचित्रवाणीच्या संचावर लावावी. कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतच्या अंतराहून मोबाइल जवळ येऊ नये, एवढा नियम लहान मुलालाही पाळता येतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या 2020 च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांच्या दोनच ऑनलाइन तासिका सुचवल्या होत्या, पण शिकवण्या आणि करमणूक यांत जाणारा पडद्यापुढचा वेळ कोणत्याच तासिकेत मोजला जात नाही.

जवळचे काम हे एकमेव कारण नव्हे, आईवडिलांकडून येणारा वारसाही असतोच. मात्र पालकांच्या हातात असलेला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मुलाला उजेडात सोडणे. दक्षिण चीनमधील ग्वांगजौ येथे काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांची एक मैदानी तासिका वाढवून दिली असता तीन वर्षांनंतर त्यांच्यात ह्रस्वदृष्टीचे प्रमाण सुमारे 30 टक्के, तर अशी तासिका नसलेल्या शाळांत सुमारे 40 टक्के आढळले. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटे घराबाहेर ठेवण्याचे धोरण राबवले आहे. वर्गखोलीत साधारण 300 ते 500 लक्स (लक्स हे प्रकाशमापनाचे एकक) एवढेच क्षीण तेज असते आणि उघड्यावर ते कित्येक हजार लक्स असते. या तेजाने दृष्टिपटलात डोपामाइन हे रसायन अधिक स्रवते व नेत्रगोलाच्या वाढीला आवर बसतो, असे मानले जाते. झाडाच्या सावलीतही पुरेसे तेज मिळत असल्याने विदर्भातल्या वैशाखात मुलांना भर उन्हात उभे करण्याची मुळीच गरज नाही. शाळेतली खेळाची तासिका गणिताला देऊन टाकण्याची जी प्रथा पडली आहे, तिची किंमत डोळ्यांनाही मोजावी लागते.

निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांनी डोळ्यांवरील ताण कमी होतो, याला भक्कम आधार नाही. पडद्याकडे पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण बरेच घटते आणि त्यातून डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. दर 20 मिनिटांनी खिडकीबाहेर दूरवर नजर टाकली की आराम पडतो. झोपण्याच्या आधीचा तासभर मोबाइल नसावा, तो झोपेसाठी.

लहान वयात चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज चुकीचा असून मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिल्यानेही वाढ थांबत नाही. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे किंवा डोळे बारीक करून पाहणारे मूल नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा तपासणीतही नजर पाहिली जाते. नंबर वेगाने वाढत असल्यास अत्यल्प प्रमाणातील ॲट्रोपिनचे थेंब तज्ज्ञ देऊ शकतात, ते परस्पर आणून घालू नयेत. लहान मुलांचे समायोजन फार जोरकस असल्यामुळे केवळ दुकानातील संगणकावर तपासलेला नंबर जास्त निघण्याचा संभव असतो, म्हणून समायोजन शिथिल करणारे औषध घालून तपासणी करून घ्यावी. त्यानंतर औषधानुसार एक दिवस ते काही दिवस जवळचे धूसर दिसते, हे वर्गशिक्षकांना आधी कळवून तेवढ्या मुदतीपुरती गृहपाठातून सूट मागून घ्यावी.