आधी भिंत ओळख

कोल्हापूर

चि. सायलीस,


फळ्यांचे फोटो पाहिले. जुन्या दाराचा साग तू छान सोडवलास. कडा सरळ आहेत, रंधा कुठे उड्या मारलेला दिसत नाही. तेलही घाई न करता दिलेलं आहे. आमच्या फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये अशी फळी कुणी पुढे ठेवली असती, तर वस्तादांनी तिच्यावरून फक्त हात फिरवला असता. त्यांच्याकडून तेवढंच कौतुक मिळायचं.

आता तू विचारलंस, ब्रॅकेट कुठले आणि स्क्रू किती लांब. ते सांगतो, पण आधी मला सांग, भिंत कशाची आहे? फळी तुझ्या हातची आहे. भिंत मात्र दुसऱ्याच कुणीतरी बांधली आणि वरून पुट्टी, रंग देऊन झाकून टाकली. पडलेल्या फळ्या पाहिल्या तर बहुतेकींचं लाकूड शाबूत असतं, सुटलेली असते ती भिंतीत स्क्रू धरणारी गिट्टी.

बिल्डरच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. फळीमागे झाकलं जाईल अशा जागी ५ एमएमच्या बिटने एक भोक पाड आणि खाली कागद धरून भुकटी बघ. आधी पांढरं येईल, ती पुट्टी किंवा जिप्सम. मग राखाडी वाळूसारखं, ते सिमेंटचं प्लास्टर. त्याच्या आत तांबडी भुकटी आली तर वीट, निर्धास्त हो. फिकट राखाडी, पिठासारखी मऊ भुकटी आली आणि बिट लोण्यातून गेल्यासारखं आत गेलं तर तो हलका ब्लॉक, ज्याला सगळे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. ड्रिल नुसतं किंचाळत राहिलं आणि पुढे सरकेना तर काँक्रीट. तिथे सळई लागली तर जोर करू नकोस, दोन इंच बाजूला सरक. नव्या टॉवरमध्ये सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असू शकतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो, म्हणून तिथे सोसायटीला विचारल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नकोस.

तुझ्याकडे वीट असावी असा माझा अंदाज आहे. खोल्यांमधली भिंत चार इंची, दोन्हीकडून प्लास्टर. या प्लास्टरला धरण्याची ताकद नसते, ते नुसतं अंगावरचं कापड. गिट्टी पूर्ण विटेत बसली पाहिजे, अर्धी प्लास्टरमध्ये राहिली तर तेवढी वाया. म्हणून हिशोब असा: ब्रॅकेटची पट्टी ३ एमएम, प्लास्टर १२ ते १५, त्यापुढे गिट्टीचे ४० एमएम. बेरीज साठच्या आसपास जाते, तेव्हा स्क्रू ६५ बाय १० घे आणि गिट्टी ८ एमएमची. दुकानदार ३५ चा स्क्रू हातात ठेवेल आणि ‘सगळे हाच नेतात’ म्हणेल. नेऊ देत. भोक विटेच्या मध्यावर येईल असं बघ, दोन विटांमधल्या सांध्यात गिट्टी धरत नाही. बिट सैल जाऊ लागलं की सांधा लागला असं समज.

ब्लॉक निघाला तर हॅमर बंद ठेवून साधं ड्रिल चालव, नाहीतर भोक आतून फुटतं. साध्या गिट्ट्याही तिथे चालत नाहीत, हलक्या ब्लॉकसाठीच्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या मिळतात, त्या आण. आणि पुस्तकांसाठी असेल तर मी दोन ब्रॅकेटवर भरवसा ठेवणार नाही. फळीच्या लांबीची एक जाड पट्टी भिंतीला पाच-सहा ठिकाणी कसायची आणि फळी तिच्यावर घ्यायची, म्हणजे वजन पसरतं.

पुस्तकांचं वजन लोक फार कमी धरतात. सलग एक फूट रचलेली पुस्तकं नऊ-दहा किलो भरतात. म्हणजे तुझ्या तीन फुटी फळीवर तीस किलो. फळी नऊ इंच खोल, तेव्हा हे वजन भिंतीपासून साधारण साडेचार इंचांवर लोंबतं आणि ब्रॅकेटचा वरचा स्क्रू बाहेर ओढतं. ब्रॅकेटची उभी पट्टी सहा इंच असेल तर दोन्ही ब्रॅकेट मिळून ही ओढ बावीस-तेवीस किलो, तीच पट्टी तीन इंचांची घेतलीस तर दुप्पट. बाजारातले ते देखणे, बुटके ब्रॅकेट फुलदाणीसाठी ठीक आहेत. तू उभी बाजू लांब असलेलेच घे.

ब्रॅकेट अगदी टोकांना लावू नकोस. दोन्ही टोकांपासून सात-आठ इंच आत घे, म्हणजे मधला बाक कमी होतो आणि टोकंही फार लोंबत नाहीत. आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच दाट रचलेल्या पुस्तकांनी फळी सोळापट वाकते. सागसुद्धा यातून सुटत नाही.

वायरी आणि पाइप हा भाग थोडक्यात, पण मनावर घे. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली वीतभर रुंदीचा पट्टा मोकळा सोड, वायरी बहुधा तिथूनच जातात. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नळ आणि गीझर कुठे आहेत ते आधी मोजून ये. शंका आली तर त्या भिंतीचा एमसीबी पाड आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वीज घे. डोळ्यांना चष्मा हवाच.

सगळी भोकं एकदम पाडू नकोस. आधी एकच पाड, सायकलच्या पंपाने धूळ काढ, गिट्टी बसव, ब्रॅकेट एका स्क्रूवर लटकव, ओळंब्यात घे आणि मग दुसऱ्या भोकाची खूण कर. दोन ब्रॅकेटची पातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघ, फक्त त्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस. जमिनीपासून किंवा छतापासून मोजायला जाऊ नकोस, घरात त्या दोघांचं पटत नाही. आणि फळी छताच्या फार जवळ लावलीस तर छत तिरकं असतानाही लोक फळीलाच वाकडी म्हणतील. फूटभर तरी खाली घे.

लाकडाचं एवढंच. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. साग इतरांपेक्षा कमी हलतो, पण हलतो. ब्रॅकेटमधून फळीला स्क्रू घालताना भिंतीकडचं भोक नेमकं ठेव आणि पुढचं कानशीने थोडं लांबट कर. दोन्हीकडून जखडलेली फळी मे महिन्यात चिरते, आणि मग दोष लाकडावर जातो.

दुपारी दोन ते चार ड्रिल बंद. भिंत तुझी असली तरी आवाज चारही मजल्यांना जातो.

लावून झाली की पहिले आठ दिवस निम्मीच पुस्तकं ठेव. वरच्या स्क्रूपाशी भिंत आणि ब्रॅकेट यांच्यात पोस्टकार्ड सरकतंय का ते रोज बघ. सरकलं तर उतरव आणि फोन कर. ब्लॉकच निघाला तर काही विकत घेण्याआधी भुकटीचा फोटो पाठव, गिट्ट्या मी इथून कुरिअर करीन.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
अण्णाकाका