कासचा कवला आणि भाजीचा कवला

प्रश्न : कास पठारावर ‘मिकी माऊस’ फुलाला कवला म्हणतात. आमच्याकडे कवल्याची पालेभाजी करतात. दोन्ही एकच का?

उत्तर : एकच नव्हेत, भावंडे आहेत. दोन्ही ‘स्मिथिया’ प्रजातीतली, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या कुळातली. कासची ती बहुधा स्मिथिया हिर्सुटा. भाजीची स्मिथिया सेन्सिटिव्हा, तिची पाने स्पर्शाने मिटतात. पाकळीवरचे तांबडे ठिपके सगळ्यांना दिसतात, पण रंगावर फार विसंबू नये. स्मिथिया पर्पुरियाची फुले जांभळी असतात. पुंकेसर 10, पाच-पाचच्या दोन जुडग्यांत. खरी खूण शेंगेत. सुकलेला निदलपुंज नखाने उकला : एकेका दाण्याची पेरे घडी घालून आतच दडलेली सापडतील. मात्र हे कासवर नको, बांधावरच्या कवल्यावर करून पाहा.