पहिली नोकरी बाजारात

चि. ऋतुजास,


तुझा मार्केटिंगमधल्या एमबीएचा निकाल ताईने फोनवर सांगितला, फार आनंद झाला. तिची काळजीही लगेच कळली. तुला पुण्यातल्या डिजिटल एजन्सीत जायचं आहे, हातात मात्र साबण-तेलाच्या कंपनीचं सेल्स ट्रेनीचं पत्र आहे आणि नेमणूक सोलापूरला. "मुलीच्या जातीने दुकानं पालथी घालत हिंडायचं का?" असं ताई विचारते. मी उमेदीची सगळी वर्षं याच क्षेत्रात घालवली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधी सांगते. पहिली दोन वर्षं जिथे गिऱ्हाईक समोर उभं असतं अशा कामात घाल. जाहिरात, ब्रँड, डिजिटल, निर्यात, जे हवं ते त्यानंतर निवड. मार्केटिंगची पदवी तुला एका खुर्चीवर नेऊन बसवत नाही, ती बऱ्याच वाटा मोकळ्या करते. त्यातली आपली कोणती, हे बाजारात उतरल्यावरच उमगतं.

सोलापूरचं काम नेमकं काय असेल ते पाहा. तुझ्याकडे काही वितरक सोपवले जातील. कंपनीने वितरकाला माल दिला की ती प्रायमरी विक्री, वितरकाकडून दुकानात गेला की सेकंडरी. वितरकाच्या सेल्समनबरोबर तू रोज एका बीटवर, म्हणजे ठरलेल्या भागातल्या ठरलेल्या दुकानांत जाशील. कोणाकडे आपला माल नाही, कोणाची उधारी थकली आहे, कोणाला स्कीम कळवलीच गेली नाही, प्रतिस्पर्ध्याने कोणत्या फळीवर जागा धरली आहे, हे टिपशील. महिनाअखेरीला टार्गेट गाठायला वितरकाच्या गोदामात माल कोंबायचा दबाव येईल. तो माल दुकानातून उठला नाही, तर पुढच्या महिन्यात वितरक नवी ऑर्डर नाकारतो आणि मुदत संपलेले खोके परत येतात. माल ग्राहकाच्या घरी गेला तरच ती विक्री, हे तिथे पक्कं शिकायला मिळतं. पुढे ब्रँड मॅनेजर झालीस तर हेच ज्ञान रोज उपयोगी पडेल. अनेक मोठ्या कंपन्या व्यवस्थापनातल्या उमेदवारांना आधी विक्रीत पाठवतात ते याचसाठी.

ताईची काळजी खोटी नाही, आणि त्यावर उपाय आहेत. होकार कळवण्याआधी कंपनीला लेखी विचार: बाहेरगावी मुक्काम किती, राहण्याची सोय कोण करतं, प्रवासखर्च कसा मिळतो, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का. बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छतागृह नसणं हा रोजचा त्रास आहे, तेव्हा वितरकाचं ऑफिस, पेट्रोल पंप अशा जागा आधीच हेरून ठेव. शक्य असेल तर त्याच विभागात काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी बोलून घे. उत्तरं समाधानकारक असतील तर ताईला मी समजावीन.

मी स्वतः सुरुवात केली ती मार्केट रिसर्चच्या फील्डवर्कपासून, प्रश्नावली घेऊन घरोघरी. आपल्याकडे कुटुंबांची वर्गवारी करण्यासाठी २०११ मध्ये एक पद्धत आली. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ठरावीक ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावर ती उभी होती. पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज यांच्याबरोबर त्या यादीत शेतजमीनही होती. अशा चौकटी लागतात, पण माणूस चौकटीच्या बाहेर बरंच सांगून जातो. बाई महागड्या साबणाचं नाव सांगते आणि न्हाणीघरात दुसरीच वडी दिसते. ती खोटं बोलत नसते, पाहुण्यांपुढे चांगलं ते मांडत असते. हा फरक मान राखून ओळखता आला की माणूस संशोधनात रमतो. आकड्यांची आणि माणसांची सारखीच आवड असेल तर हे क्षेत्र तुझ्यासाठी आहे.

डिजिटलची वाट बंद कर असं मी म्हणत नाही. तिथे काम भरपूर आहे आणि ते शिकण्यासारखं आहे. पण पडद्यावरच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नकोस. जाहिरातीमुळे ऑर्डर आली, माल कॅश ऑन डिलिव्हरीने गेला आणि पार्सल दारातून परत आलं, तर जाहिरातीचा खर्च आणि दोन्ही वेळचं भाडं अंगावर पडतं. ते पार्सल का परत आलं हे ओळखणाऱ्या माणसाला एजन्सीत मान मिळतो. सोलापुरातून पुण्याला गेलीस तर ही नजर बरोबर नेशील. तोवर संध्याकाळी गुगल अ‍ॅड्सचं प्रशिक्षण घे, तालुक्यातल्या एखाद्या छोट्या व्यावसायिकाचं समाजमाध्यमावरचं पान सांभाळ.

आता आपल्याकडच्या मुलांच्या सहसा लक्षात न येणाऱ्या वाटा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना परदेशी ग्राहकांशी बोलणारी, कोटेशन आणि नमुन्यांच्या मंजुरीचा पाठपुरावा करणारी माणसं लागतात. एकेक मंजुरी मिळायला महिने जातात, पण ग्राहक जुळला की वर्षानुवर्षं टिकतो. नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षं निर्यात करते. युरोपचा खरेदीदार चवीइतकंच कीटकनाशकांच्या अंशाच्या अहवालाकडे पाहतो. बागेतली भाषा आणि खरेदीदाराची भाषा दोन्ही जाणणारी मुलं अशा कंपन्यांना हवीच असतात, आणि तू तर शेतकऱ्याघरची आहेस. सरकारी बँकांत मार्केटिंग ऑफिसरचं पद असतं, त्यासाठी आयबीपीएसची स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षा दे. शिकवण्याची ओढ असेल तर व्यवस्थापन विषयातून नेट परीक्षा उत्तीर्ण हो.

मार्केटिंगच्या विद्येचा धडा आपल्याच मातीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी तो घ्यायला कचरत होते. नांगर उत्तम होता, अडलं होतं विश्वासापाशी. पुढे त्यांचे पुतणे शंकरराव यांनी मालाच्या प्रसिद्धीसाठी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं ते पत्रक वाढत वाढत मराठीतलं मोठं मासिक झालं आणि १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' मासिक निघालं. वाचकाला उपयोगी काही दिलं की तो तुमचं ऐकतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. ज्याला आज कंटेंट मार्केटिंग म्हणतात, त्याचा इतका चांगला नमुना दुसरीकडे शोधायला नको. किर्लोस्करवाडी तुमच्या इस्लामपूरहून काही फार लांब नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. जे घरच्यांना विकायला मन धजणार नाही, ते दुसऱ्याला विकू नकोस. म्हाताऱ्या माणसाला ठेव म्हणून विमा गळ्यात मारणं, मुलांच्या उंचीची हमी देणारी पावडर खपवणं, याला विक्री म्हणत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. औषध कंपन्यांसाठीच्या २०२४ च्या संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू देण्याला मनाई केली आहे. नियम आहेतच, पण ते नसते तरी तू असंच वागावंस. बाजारात माणसाचा शब्द कंपनीच्या नावापेक्षा जास्त टिकतो. नोकरी बदलली तरी दुकानदार तुला ओळखेल तो तुझ्या शब्दावरून.

तेव्हा कंपनीची उत्तरं नीट आली तर सोलापूरची नोकरी घे. रोज रात्री वहीत तीन ओळी लिही: आज कोणी काय घेतलं, का घेतलं, का नाही घेतलं. दोन वर्षांनी ती वही पुढे ठेवून पुढची वाट ठरव. पगार पहिल्या वर्षी थोडा कमी वाटला तरी हिरमुसू नकोस, मात्र शिकायला काही उरलं नाही असं दिसलं तर त्या जागी एक दिवसही जास्त राहू नकोस. ताईला हे पत्र वाचून दाखव आणि तुझा निर्णय मला येत्या रविवारी कळव.

तुझी,
मावशी