कॅमेरा घेण्यापूर्वी

“कोणता कॅमेरा घेऊ?” स्नेहसंमेलनात गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. गेली दोन वर्षे तो मलाही विचारला जातो आणि दर वेळी मी उलट विचारतो, “फोटो कशाचे काढणार आणि तिथे उजेड किती असतो?” विचारणारा थोडा हिरमुसतो, कारण त्याला कंपनीचे नाव हवे असते. परंतु हाच उलटा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नाही आणि त्याची किंमत मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी डोंबिवलीचा. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून मी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० मि.मी.ची झूम लेन्स घेतली. डोळ्यांसमोर ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी होते. २०१५ साली या खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. ऐरोलीहून होडीने जाऊन पाण्यावरचा तो गुलाबी पट्टा टिपायचा, एवढेच मनात होते. त्या हिवाळ्यात मी खाडीत एकदाच गेलो. बाकी वर्षभर कॅमेरा घरातच होता आणि घरात आजी होती.

आमची खोली चाळीत, तळमजल्यावर. एक लहान खिडकी आणि एक ट्यूबलाइट. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी आजी करंज्यांना मुरड घालत बसली होती. मी तिचे साठ-सत्तर फोटो काढले. संगणकावर पाहिले तेव्हा एकाही फोटोत तिचे हात नीट नव्हते. नुसते पांढरट फराटे. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मी विषय सोडला. पौषात आजी गेली.

चूक कॅमेऱ्याची नव्हती, निवडीची होती. ती समजण्यासाठी थोडे गणित पाहावे लागेल. लेन्सवर नाभीय अंतराशेजारी एफ/४, एफ/५.६ असे आकडे असतात. उजेड आत येण्याचे छिद्र जास्तीत जास्त किती उघडते, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. माझी झूम ७० मि.मी.ला एफ/४ पर्यंत उघडत होती. पुढे ३०० मि.मी.पर्यंत नेली की एफ/५.६. एफ/१.८ची साधी, झूम नसलेली लेन्स एफ/४च्या सुमारे पाचपट उजेड आत घेते. त्या संध्याकाळी आयएसओ १६०० ठेवूनही माझ्या शटरचा वेग १/२५ सेकंद होता. हलत्या हातांसाठी तो अगदी अपुरा. एफ/१.८ असते तर तोच वेग १/१२५ झाला असता आणि करंजीची मुरडसुद्धा स्पष्ट आली असती. आयएसओ आणखी चढवता आला असता, पण माझ्या जुन्या कॅमेऱ्यात त्यापुढे चित्रावर दाणे उमटत. लेन्समधील हादरा-रोधक सोय आपला हात स्थिर ठेवते, समोरच्या माणसाचा नव्हे, हेही मला तेव्हाच कळले.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा: आधी विषय, मग उजेड, मग लेन्स आणि शेवटी कॅमेरा. आपल्याच परिसरातली उदाहरणे घेऊ.

खाडीतले पक्षी दूर असतात, पण ऊन भरपूर असते. तिथे ३०० मि.मी. किंवा अधिक लांबीची झूम हवी. ती एफ/५.६ची असली तरी चालते. होडी हलत असल्याने तिपाईचा उपयोग नाही. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवावे. ६०० मि.मी.पर्यंत जाणाऱ्या झूमचे वजन सुमारे दोन किलो भरते. ती घेण्यापूर्वी सकाळी आठच्या लोकलमध्ये ती खांद्यावर घेऊन आपण उभे आहोत, अशी कल्पना करून पाहावी.

अंबरनाथच्या शिवमंदिराची गोष्ट वेगळी. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे देऊळ बाहेरून कोरीवकामाने भरलेले, तर गाभारा खोल आणि अंधारा. बाहेरच्या मूर्तींसाठी महागड्या लेन्सपेक्षा सकाळचे तिरपे ऊन अधिक उपयोगी, कारण सावली पडली की कोरीवकाम उठून दिसते. हे काम कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स उत्तम करते. संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हे आधी ध्यानात घ्यावे.

डोंबिवलीची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ पासून निघते, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाईची गर्दी लोटते. अशा गर्दीत माणसे हातभर अंतरावर असतात. तिथे लांब लेन्स निरुपयोगी. रुंद दृश्य घेणारी हवी. दिवस उजाडल्यावर तर खिशातला मोबाइलही पुरतो. उजेड चांगला आणि विषय जवळ असेल तिथे मोबाइल पुरतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्याला एवढेच हवे त्याने कॅमेऱ्यावर पैसे घालूच नयेत.

राहिले घर. चाळीच्या किंवा दोन खोल्यांच्या घरात मागे सरकायला जागा नसते. हौशी कॅमेऱ्यांतील संवेदक बहुधा ३६ × २४ मि.मी.च्या पूर्ण चौकटीपेक्षा लहान असतो. त्यामुळे ५० मि.मी.ची लेन्स त्यावर ७५-८० सारखे आवळलेले दृश्य दाखवते. म्हणून अशा घरांसाठी एफ/१.८ किंवा एफ/२ची, ३५ मि.मी.च्या आसपासची लेन्स मला अधिक योग्य वाटते. मी झूमला दिले त्या पैशांत अशी एक लेन्स सहज आली असती.

वापरलेला माल घेण्यात वाईट काही नाही. विद्यार्थ्याला तोच परवडतो. मोठ्या कंपन्या आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्याने जुने डीएसएलआर पुष्कळ विक्रीस येतात. मात्र घेताना लेन्समधून विजेरीचा झोत सोडून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी. छिद्र एफ/१६ पर्यंत लहान करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. संवेदकावरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. काही जुन्या लेन्समध्ये रोख साधणारी मोटर नसते आणि स्वस्त कॅमेऱ्यांतही ती नसते. अशी जोडी जमली की रोख हातानेच साधावा लागतो. तेव्हा लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर लावून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

उपसाधनांबद्दल थोडक्यात. जादा बॅटरी आणि जादा कार्ड हवेच. तिपाई घ्यायची तर दणकट घ्यावी. वाऱ्याने थरथरणारी तिपाई नसलेली बरी. तलावपाळीवर पाण्याची चमक कमी करायची असेल तर पोलरायझर उपयोगी पडतो, पण तो उजेडही खातो. आणि आपल्याकडे सर्वांत आवश्यक वस्तू म्हणजे झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा व त्यात सिलिका जेलच्या पुड्या. ठाण्या-कल्याणचा चार महिन्यांचा पावसाळा चामड्याच्या पेटीतल्या लेन्सवर बुरशी चढवल्याशिवाय राहत नाही. स्वयंपाकघरातला एक डबा हजारो रुपयांची लेन्स वाचवतो.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. चित्रपटासाठी भांडवल उभे करायचे होते, तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप उगवताना थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट घेऊन टिपले. कॅमेरा परदेशचा, पण विषय हाताशी असलेला.

आजी गेल्यावर तिची ट्रंक आवरताना मला एक चौकोनी फोटो सापडला. मागे आजोबांच्या अक्षरात ‘१९७९’ लिहिले होते. त्यांच्याकडे भारतात तयार झालेला अॅग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा फोटो, रोख बदलायची सोय नाही, उजेडासाठी सूर्य आणि ढग अशा दोनच खुणा. त्या कॅमेऱ्याने खोलीत काहीच आले नसते, हे आजोबांना ठाऊक असावे. म्हणून त्यांनी आजीला उंबरठ्यावर बसवले आहे. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, बाहेरून येणारा उजेड सरळ चेहऱ्यावर. हातांच्या शिरासुद्धा मोजता येतात.

माझ्या कॅमेऱ्यात आजोबांच्या कॅमेऱ्यापेक्षा शंभर सोयी अधिक होत्या. “आजी, पाट घेऊन जरा दारात ये,” एवढे मी दिवाळीच्या दिवशी सकाळी म्हणालो असतो, तर त्याच झूमने काम भागले असते. तेव्हा मित्रहो, दुकानात जाण्यापूर्वी एक दिवस घरात नुसते बसा. उजेड कोठून येतो, केव्हा येतो आणि कोणाच्या चेहऱ्यावर पडतो ते पाहा. कोणती लेन्स घ्यावी हे त्यानंतर फारसे कोणाला विचारावे लागणार नाही.