जामीनदार म्हणून सही करण्याआधी

अगं, ऑफिसातली मैत्रीण पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार हो म्हणतेय, ‘नुसती सही तर करायचीय’, असं तू सहज बोलून गेलीस. म्हणून मुद्दाम लिहितेय. ती मुलगी चांगलीच असेल, पण तू कशाला हो म्हणतेयस ते आधी नीट समजून घे.

जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. मुद्दल आलं, व्याजही आलं. आधी कर्जदाराला धरतील, तिथं काही निघालं नाही तरच आपल्याकडे येतील, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नसतं. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय, की कर्जदाराकडचे सगळे उपाय संपेपर्यंत बँकेनं थांबायची गरज नाही. आणि तू तर पगारदार, दर महिन्याला खात्यात पैसे येणारी. वसुलीवाल्यांना तूच आधी दिसशील.

पतसंस्थांना तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं दावा चालवावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, त्यात जामीनदाराचंही नाव असू शकतं आणि त्यावरून जप्तीपर्यंत गोष्ट जाते. शिवाय फॉर्मसोबत पगारातून कपात करायचं संमतीपत्रही असेल, ते जरूर बघ. दोन जामीनदार आहेत म्हणून तुझ्यावर निम्मीच जबाबदारी, असंही धरून चालू नकोस. संस्था सगळी रक्कम एकीकडूनच मागू शकते, दुसरीकडून तिचा वाटा वसूल करणं मग तुझ्या माथी. भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागायचा हक्क कायदा देतो, पण जिच्याकडे हप्त्याला पैसे नव्हते ती तुला कुठून देणार?

आणि तुमच्या घराचं काय? पुढच्या वर्षी गृहकर्ज काढायचं म्हणताय ना? हा जामीन तुझ्या सिबिल अहवालात दिसू शकतो. तिचे हप्ते थकले, तर झळ तुझ्या अर्जाला.

नाही म्हणायला संकोच वाटतो, कळतं मला. नात्यात, ऑफिसात तोंड दाखवायचं असतं. पण जेवढी रक्कम उद्या स्वतःच्या खिशातून भरता येईल तेवढ्यालाच जामीन राहावं, असं माझं ठाम मत आहे. तेवढी ऐपत नसेल, तर जमेल तेवढे पैसे हातउसने दे आणि सही टाळ.

तरीही करायचीच असेल, तर कोऱ्या फॉर्मवर अजिबात नको. रक्कम, मुदत, व्याजदर भरलेला हवा. जामीन याच कर्जापुरता की पुढच्या कर्जांनाही लागू, ते विचार. फॉर्मची झेरॉक्स मागून घे आणि मला पाठव. आपण दोघी मिळून वाचू, तोवर सही करू नकोस.