गोळी बदलते तेव्हा

सिंदेवाही तालुक्यात मी शिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन रोवणीच्या दिवसांत मला अंथरुणातून उठवेना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून एस्सिटालोप्राम सुरू केली. पुढे जे भोगलं, त्यातून शिकलेलं सांगतो.

१. आठ दिवसांत गोळीला नावं ठेवू नका. मळमळ तिसऱ्याच दिवशी आली, आठवड्यात ओसरली. गुण यायला मात्र चार ते सहा आठवडे लागू शकतात.

२. गुण येत नसेल तर स्पष्ट सांगा. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून मी दोन महिने "बरं आहे" म्हणत राहिलो. बायको रोज कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची: 'झोप ३ तास. भात अर्धा. बोलले नाही.' शेवटी तिने ती पानंच डॉक्टरांपुढे ठेवली. मग मात्रा वाढली, थायरॉईड तपासलं, मोहाची घेता का तेही विचारलं. घेत होतो. दारूने आजार बळावतो, हे तेव्हा कळलं.

३. मात्रा वाढवूनही गुण नाही, म्हणून गोळी बदलायचं ठरलं. मी खचलो. पण अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकालाच पूर्ण आराम पडला होता. यात रोग्याचा दोष नसतो.

४. जुनी गोळी मनाने तोडू नका. एटापल्लीला बहिणीकडे गेलो असताना माझ्या गोळ्या संपल्या. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, गरगरायचं, रडू यायचं. तो औषध एकदम तुटल्याचा त्रास होता. तेव्हापासून पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या पिशवीत असतात. पुढे डॉक्टरांनी जुनीची मात्रा उतरवत सर्ट्रालिन चढवली. फ्लुऑक्सेटिन अंगात कित्येक आठवडे राहते, तिचा हिशेब वेगळा; म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या कामाची नाही.

५. बदलाच्या दिवसांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं, पंचविशीच्या आतल्या रोग्यावर तर जास्तच. बायकोने धानावर फवारायचं औषध मला न विचारता भावाकडे नेऊन ठेवलं. फार बरं केलं.

सर्ट्रालिनच्या सहाव्या आठवड्यात मी आपणहून बोडीपर्यंत फिरून आलो. त्या दिवशीच्या चौकोनात तिने एकच शब्द लिहिलाय: 'हसले.'

बेचैनी वाढली, मरणाचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.