चिपमधील प्रोग्रामचा हिशेब ठेवा

पंपाचे टायमर, वजनकाटे, स्टॅबिलायझर बनविणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना आता सोल्डरिंगइतकाच चिपमधील प्रोग्रामही सांभाळावा लागतो. या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. त्याची जपणूक न केल्यास काय होते, हे आम्ही स्वतः भोगले आहे. पंपाच्या कंट्रोलरसाठी आम्ही एकाकडून प्रोग्राम लिहून घेतला. त्याने फक्त हेक्स फाइल दिली आणि ती चिपमध्ये भरून आम्ही माल विकत राहिलो. पुढे गिऱ्हाइकाने १० सेकंदांचा विलंब ३० करून मागितला. तोवर मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याकडेही उरला नव्हता. एका आकड्यासाठी सारे काम पुन्हा करून घ्यावे लागले.

सोर्स कोड माणसाला वाचता येतो. कंपायलर त्यापासून चिपला समजणारी हेक्स फाइल तयार करतो. मात्र हेक्सपासून मूळ सोर्स, त्यातील नावे व टिपांसह, परत मिळत नाही. म्हणून काम देतानाच सोर्स मागून घ्यावा.

मालकीचेही लेखी ठरवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्याचा हक्क मात्र साधारणतः त्याचाच राहतो. तो आपल्याकडे घ्यायचा तर सहीनिशी लेखी करार हवा. नुसते पैसे चुकते केल्याने भागत नाही.

आता फोल्डर कसे तयार करावे ते पाहू. त्यात पुढील गोष्टी हव्यात :

१) सोर्स कोड. चिपची कोणती पिन कशाला जोडली, हे वेगळ्या फाइलमध्ये लिहावे. बोर्ड बदलला तर तेवढीच फाइल बदलते.

२) सर्किटचा नकाशा.

३) कंपायलरचे नाव, आवृत्ती व वापरलेली सेटिंग.

४) चिपचे फ्यूज. ही नोंद बरेच जण विसरतात. एटमेगा ३२८पी ही चिप कारखान्यातून येते तेव्हा १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्राम ८ मेगाहर्ट्झसाठी लिहिला असून फ्यूज बदलायचे राहिले, तर १० सेकंदांचा विलंब ८० सेकंदांचा होतो. कोड बरोबर असूनही माल परत येतो.

बदलांच्या नोंदीसाठी गिट हे मोफत साधन आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. त्याला प्रोग्रामचा रोजमेळ समजावे. कोणता बदल, कोणी, केव्हा व कशासाठी केला, हे त्यात राहते आणि जुनी प्रत केव्हाही काढता येते. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशा फाइलींचा गोंधळ थांबतो. गिऱ्हाइकाला माल देताना त्या प्रतीला क्रमांक द्यावा व तोच बोर्डावर चिकटवावा. दुरुस्तीला आलेल्या बोर्डात कोणता प्रोग्राम आहे, ते लगेच कळते. सगळ्याची एक प्रत दुकानाबाहेरही ठेवावी.

शेवटी एक परीक्षा घ्यावी. दुसऱ्या संगणकावर, केवळ या फोल्डरच्या आधारे, हेक्स पुन्हा तयार करून विकलेल्या मालाच्या हेक्सशी ताडून पाहावी. जुळली तर हिशेब पक्का. न जुळल्यास काय राहिले ते आजच शोधावे, कारण गिऱ्हाईक दारात उभे असताना ते सापडत नाही.